विश्रामभाऊंच्या समोर उभं राहताना

"तुला मी माझ्या ऑफिसात का घेऊ नये, ते आधी सांग."

ॲडव्होकेट विश्राम नाखवा यांनी मला उद्देशून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. सनद नुकतीच हातात आलेली, विठ्ठलवाडीच्या चाळीतून निघून मी कल्याणला त्यांच्या ऑफिसात पोचले होते आणि मला का घ्यावं याची बरीच कारणं रस्ताभर घोकत आले होते. ती सगळी वाया गेली. मी म्हणाले, "मी मुलगी आहे, लग्न झालं की सोडून जाईन असं लोक म्हणतील. माझं इंग्रजी कच्चं आहे. आणि कल्याणात माझ्या ओळखीचा एकही पक्षकार नाही."

भाऊ मन लावून ऐकत होते. "एक राहिलं," ते म्हणाले. "तुला राग पटकन येतो. आत्ता नाकपुड्या बघ तुझ्या. सोमवारपासून ये."

भाऊंना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावं असं गौरव समितीचे अध्यक्ष ॲडव्होकेट केशवराव दामले यांनी सांगितलं, तेव्हा फोनवर त्यांनी दोनदा बजावलं, "सुनंदा, चांगलं लिही हं. कोर्टात बोलतेस तसं नको." दामलेकाकांची काळजी समजण्यासारखी आहे. विश्रामभाऊंविरुद्ध भर कोर्टात उभी राहिलेली त्यांची शिष्या म्हणून आमच्या वकीलवर्गात माझी ख्याती आहे, आणि ती फारशी बरी ख्याती नाही. तो प्रसंग पुढे येईलच. आधी भाऊंविषयी.

भाऊ ठाण्याच्या कोपरीचे, खाडीकाठच्या कोळी घरातले. वडील होडीवर, आई बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची. त्या वस्तीतून वकील होणारे ते पहिलेच. वकिली मात्र त्यांनी कल्याणच्या कोर्टात केली आणि घर विठ्ठलवाडीला केलं. आंबिवलीकडच्या वाड्यावस्त्यांवरचे शेतकरी, डोंबिवलीच्या खाडीवरचे कोळी, गिरणीतून कमी केलेले कामगार, भाडेकरू, असे त्यांचे पक्षकार. मोठ्या घरची प्रकरणं त्यांच्याकडे क्वचित आली. आली तरी टिकली नाहीत, आणि त्याला भाऊंची कामाची पद्धत कारणीभूत होती.

त्यांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या असत. पक्षकार एका खुर्चीवर बसून आपलं गाऱ्हाणं सांगे. ते पूर्ण झालं की भाऊ त्याला उठवून शेजारच्या खुर्चीवर बसवत आणि म्हणत, "आता तू तुझा समोरचा आहेस. त्याचं म्हणणं सांग." ज्याला ते प्रामाणिकपणे सांगता येत नसे त्याचं प्रकरण भाऊ घेत नसत. आंबिवलीचा एक गृहस्थ सख्ख्या भावावर बांधाचा दावा लावायला आला होता. दुसऱ्या खुर्चीवर बसायला तो तयारच होईना. शेवटी बसला, धाकट्या भावाच्या वतीने बोलू लागला, "आई आजारी होती तेव्हा मीच होतो तिच्याजवळ," असं काहीसं म्हणाला आणि रडायलाच लागला. दावा न लावताच तो घरी गेला. दामलेकाका तेव्हा शेजारच्याच खोलीत बसत. ते दारातून डोकावून म्हणाले, "नाखवा, ही दुसरी खुर्ची एक दिवस तुला उपाशी मारणार आहे."

याच पद्धतीचा मला झालेला लाभ सांगितलाच पाहिजे. आमचं घर मूळचं साताऱ्याकडचं. मुलीने काळा कोट घालून पुरुषांच्या गर्दीत उभं राहणं माझ्या वडिलांना अजिबात पसंत नव्हतं आणि सहा महिन्यांतच त्यांनी माझं कोर्टात जाणं बंद करायचं ठरवलं. भाऊंना कळलं तेव्हा ते एका रविवारी आमच्या चाळीत आले. मला वाटलं, आता माझी बाजू मांडतील. पण भाऊंनी वडिलांचीच बाजू मांडायला घेतली. "जगदाळे, तुमचं बरोबर आहे. मुलीच्या जातीने घरात बसावं. शिकवलंत ही तुमची चूक झाली. त्या चुकीपायी तिला आता चार माणसं ओळखतात, उद्या ती तुमचंसुद्धा ऐकणार नाही." वडील हळूहळू अस्वस्थ होत गेले. "एवढंही काही नाही साहेब," ते म्हणाले. भाऊंनी आणखी थोडं रेटलं, तेव्हा वडील चिडून म्हणाले, "माझी मुलगी माझं ऐकत नाही असं तुम्ही कसं म्हणता? ती जाईल कोर्टात. मी सांगतोय ना, जाईल!" जिना उतरताना भाऊ मला म्हणाले, "माणूस चांगला आहे तुझा बाप. त्याला फक्त कुणीतरी विरोध करायला हवा होता."

त्या काळची आमची वकिलांची खोली आठवली की अजून बरं वाटतं. दुपारी लांब टेबलावर सगळ्यांचे डबे उघडत आणि कोणाचा डबा कोणाचा हे पाहायची पद्धत नव्हती. भाऊंच्या डब्यात त्यांच्या पत्नीने, जानकीकाकूंनी दिलेली सुकटीची चटणी किंवा बोंबलाचं कालवण असे. दामलेकाका डोंबिवलीचे, घरी सोवळं. त्यांचा हात त्या डब्यात सर्वांत आधी जाई आणि वर, "नाखवा, आज मीठ जास्त झालंय," अशी तक्रारही असे. सकाळी एकमेकांच्या साक्षीदारांची सालटी काढलेले हे दोघे दुपारी एकाच डब्यात जेवत आणि जेवताना पुन्हा सकाळचंच भांडण पुढे चालवत. त्यांची मैत्री या भांडणावरच उभी होती. घटकाभर एकमत झालं तर दोघे चिंताग्रस्त दिसत.

मग विधानसभेची निवडणूक आली. खाडीत कारखान्यांचं पाणी सोडलं जाई, मासळी मरून वर येई, आणि त्याविरुद्ध भाऊंनी बरीच वर्षं कोर्टात आणि कोर्टाबाहेर लढा दिलेला. पक्षाला स्वच्छ नाव हवं होतं. भाऊ नको म्हणत होते. जानकीकाकू म्हणाल्या, "जा. पण तिथे जाऊन गप्प बसलात तर मला तोंड दाखवू नका." भाऊ उभे राहिले आणि निवडून आले.

गुलालाने माखलेली ती मिरवणूक मला आठवते. डोंबिवलीच्या खाडीवर राहणाऱ्या हिराबाई, भाऊंच्या जुन्या पक्षकार, ऑफिसच्या पायरीवर बसून डोळ्याला पदर लावत होत्या. मी म्हटलं, "मावशी, आनंदाचा दिवस आहे." त्या म्हणाल्या, "आनंद हाय गो. पन आमचा वकील आता सायेब झाला. आमचं भांडन आता कोन भांडंल?" मला तेव्हा हसू आलं होतं.

आमदार म्हणून भाऊंनी केलेल्या कामांवर या ग्रंथात इतरांनी लिहिलं आहे. खाडीच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी सभागृहात लावून धरला, आंबिवलीला रूळ ओलांडताना माणसं दगावत तिथे पादचारी पूल व्हावा म्हणून पाठपुरावा केला, आमच्या कोर्टाचं गळकं छप्पर बदलून घेतलं. भाषणाला उभे राहिले की आधी मंत्र्यांचं म्हणणं मंत्र्यांपेक्षा चांगलं मांडत आणि मग त्याच्या चिंधड्या करत. पहिला भाग ऐकून पक्षाचे लोक घाम पुसत. मी स्वतः प्रेक्षक सज्जात बसून हे पाहिलेलं आहे.

मात्र इतरांनी जे लिहिलेलं नसेल ते मला लिहायचं आहे. निवडून आल्या दिवसापासून भाऊ एकटे पडू लागले, आणि त्यांना एकटं पाडलं ते आपण सगळ्यांनी, त्यांच्यावरच्या प्रेमापोटी.

निवडणुकीनंतर एका दुपारी ते डबा घेऊन वकिलांच्या खोलीत आले. सगळे उभे राहिले. भाऊ म्हणाले, "अरे बसा, बसा," पण कोणी बसेना. कोणीतरी टेबलाच्या टोकाची, पंख्याखालची खुर्ची रिकामी केली, तिच्यावर टॉवेल घातला. समोरच्या हॉटेलातून त्यांच्यासाठी वेगळं ताट मागवलं गेलं, पापड आणि गुलाबजाम असलेलं. भाऊंनी आपला डबा उघडून टेबलाच्या मध्ये सरकवला. कोणाचाही हात तिकडे गेला नाही. दामलेकाकांचासुद्धा नाही. "साहेब, तुम्ही घ्या ना आधी," दामलेकाका म्हणाले. ती थट्टा असेल असं समजून भाऊ मोठ्याने हसले. ती थट्टा नव्हती. ते हसू एकट्याचंच निघालं आणि मध्येच थांबलं. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते, मला ते स्पष्ट दिसलं.

नंतर ते त्या खोलीत जेवायला आले नाहीत. लग्नांना गेले की त्यांना सोफ्यावर बसवून पंगतीच्या आधी जेवायला वाढत. कोपरीला भावकीच्या हळदीला गेले, तिथे लहानपणी ज्यांच्याबरोबर चिखलात लोळले ते बाप्येसुद्धा हात जोडून उभे राहिले. घरात सकाळपासून माणसांची रीघ असे, आणि त्या रिघेत भाऊंशी बोलायला आलेला एकही नसे. सगळे सांगायला आलेले असत. भाऊ जे म्हणतील त्याला "बरोबर साहेब" म्हणत. एकदा वैतागून ते एका शिष्टमंडळाला म्हणाले, "आज मंगळवार आहे ना?" वार गुरुवार होता. मंडळी म्हणाली, "होय साहेब, मंगळवारच."

त्यांना विरोध करणारं एक माणूस घरात होतं. पण आमदारकीच्या दुसऱ्याच वर्षी जानकीकाकू गेल्या. एकुलती मुलगी लग्न होऊन नागपूरला. दहाव्याला खाडीकाठी गर्दी एवढी, की घरच्या माणसांना उभं राहायला जागा नव्हती. पिंड मांडले होते, कावळा शिवत नव्हता. भाऊ उघड्या अंगाने तिथेच बसून होते. एवढ्यात एक गृहस्थ वाकून त्यांच्या कानाशी लागले, डोळे पुसले आणि खिशातून नळाच्या जोडणीचा अर्ज काढून त्यांच्यापुढे धरला. माझा संताप झाला. मी पुढे होणार एवढ्यात भाऊंनी तो कागद हातात घेतला आणि शेजाऱ्याकडे ठेवायला दिला.

परतताना मी त्या गृहस्थांना बरंच काही बोलले. भाऊ म्हणाले, "त्याची बाजू बघ ना. त्याच्या घरी पाणी नाही. मी एरवी त्याला भेटणार कधी?" घराशी आल्यावर म्हणाले, "पण एवढ्या माणसांत एकाने तरी माझ्याजवळ नुसतं बसायला हवं होतं गं." त्या गृहस्थांच्या घरी नळ आला. भाऊंनी तो जातीने लक्ष घालून मिळवून दिला.

पुढच्या निवडणुकीत ते पडले. वारंच फिरलं होतं, पण शेवटच्या दिवसाच्या सभेची हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. डोंबिवलीत मोठी सभा होती. प्रचार पाचला थांबायचा होता. आधीच्या वक्त्यांनी वेळ खाल्ला आणि भाऊंच्या हाती माइक आला तेव्हा जेमतेम पंधरावीस मिनिटं उरलेली. भाऊंनी सवयीप्रमाणे सुरुवात केली, "माझ्याविरुद्ध उभे असलेले उमेदवार काय म्हणतात, ते आधी नीट ऐका." आणि ते त्यांनी असं काही मांडलं, पाणी, रस्ते, कचरा, सगळं मुद्देसूद, की लोक टाळ्या वाजवू लागले. व्यासपीठावर कार्यकर्ते डोक्याला हात लावून बसले. एकजण मागून कोट ओढत होता. "आता माझं म्हणणं," असं भाऊ म्हणाले आणि पोलीस निरीक्षकांनी घड्याळ दाखवलं. पाच वाजले होते. माइक बंद झाला. समोरचा उमेदवार पुढे एका समारंभात मला भेटला तेव्हा म्हणाला, "माझ्या बाजूने झालेलं त्या निवडणुकीतलं सर्वांत चांगलं भाषण नाखवासाहेबांचं."

पराभवाचं भाऊंना दुःख झालं नाही असं नाही. पण निकालाच्या संध्याकाळी ते मला म्हणाले, "जगदाळे, कोट धुवायला टाकलाय. आता परत वकील होतो." त्यांच्या आवाजात सुट्टी लागलेल्या मुलासारखी खुशी होती. आमदारकीत जे हरवलं ते कोर्टात परत मिळेल असं त्यांना मनापासून वाटत होतं.

ते मिळालं नाही. आपल्याकडे आमदार झालेला माणूस परत साधा माणूस होऊ शकत नाही. भाऊ कोर्टात उभे राहिले की समोरचा वकील कमरेत वाकून म्हणायचा, "साहेबांच्या अर्जाला आमची काही हरकत नाही." न्यायाधीशही नवे, तरुण असत. ते म्हणत, "आमदारसाहेब, बसून बोला." भाऊंना मागतील ती तारीख मिळे. त्यांच्या साक्षीदारांची उलटतपासणी कोणी घेईना. त्यामुळे झालं असं, की त्यांचं वकिलीचं काम सैल पडत गेलं. प्रश्न लांबट होऊ लागले, युक्तिवादात जुन्या आठवणी शिरू लागल्या. हे सांगणार कोण? मला ते दिसत होतं. मी तेव्हा स्वतंत्र वकिली करू लागले होते. एका दुपारी ते सलग तीन अर्ज जिंकून बाहेर आले आणि माझ्याजवळ बाकावर बसले. म्हणाले, "मला कुणी हरवत नाही गं." लोक हे ऐकून हसतील. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

याच दिवसांत हिराबाईंचं प्रकरण उभं राहिलं. खाडीवरून बाजाराकडे येणारी एक पायवाट होती, कोळणी पाट्या घेऊन पिढ्यान्‌पिढ्या तिथून येत. तिथे नवी वसाहत झाली आणि सोसायटीने भिंत घालून वाट बंद केली. हिराबाई आणि इतर बायका भाऊंकडे आल्या. भाऊंनी दावा लावला. सोसायटीने वकीलपत्र दिलं दामलेकाकांना, आणि दुसऱ्याच तारखेला दामलेकाकांनी ते परत केलं. "साहेबांच्या विरोधात मी कसा उभा राहू?" असं ते म्हणाले. त्यांच्यानंतर दुसऱ्या कोणी ते घेतलं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी, बिचारे बँकेतले सरळ गृहस्थ, वकिलाविना कोर्टाचे जिने चढउतर करत होते. एकतर्फी हुकूम होणार हे उघड होतं.

ते माझ्याकडे आले. मी त्यांना थांबायला सांगितलं आणि भाऊंच्या घरी गेले. "भाऊ, सोसायटीचे लोक माझ्याकडे आलेत. घेऊ का?"

भाऊ आरामखुर्चीत होते. ते सरळ बसले. "मला काय विचारतेस? मी त्यातला समोरचा वकील आहे. हे विचारायला आलीस इथेच तुझं चुकलं."

"पण हिराबाईंची वाट..."

"हिराबाईंची वाट सांभाळायला मी आहे. एकतर्फी हुकूम घेऊन गेलो तर उद्या ती माणसं तो रद्द करून आणतील आणि भिंत पुन्हा उभी राहील. मला माझ्या बायकांसाठी पक्का हुकूम हवाय. त्यासाठी समोर कुणीतरी पाहिजे." मग म्हणाले, "आणि मन लावून भांडणार असशील तर घे. मान ठेवायला येणार असशील तर नको."

मी ते वकीलपत्र घेतलं. वकिलांच्या खोलीत त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं जवळपास बंद झालं. ज्यांनी हाताला धरून शिकवलं त्यांच्याच विरुद्ध, तेही गरीब कोळणींविरुद्ध! दामलेकाका तर स्पष्टच म्हणाले, "तुला लाज कशी वाटत नाही?"

हिराबाईंच्या साक्षीचा दिवस. कोर्ट भरलेलं. भाऊंनी सरतपासणी सुरू केली आणि दुसऱ्याच प्रश्नाला त्यांचा सैलपणा दिसला. "हिराबाई, तुम्ही लहानपणापासून याच वाटेने, कोणीही न अडवता, हक्काने खाडीवर जाता, बरोबर ना?"

आपल्याच साक्षीदाराच्या तोंडात असं उत्तर घालता येत नाही. हे मला भाऊंनीच पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. मी उठले. "हरकत आहे. प्रश्न सूचक आहे."

न्यायाधीश सौजन्याने म्हणाले, "वकीलबाई, आमदारसाहेब ज्येष्ठ आहेत. विचारू द्या त्यांना."

"युवर ऑनर," मी म्हणाले, "इथे आमदार कोणी नाही. वादींचे वकील आहेत. ते ज्येष्ठ आहेत म्हणून तर हा नियम त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे."

मागच्या बाकावरून कोणीतरी च्‌च्‌ केलं. हिराबाई पिंजऱ्यातून मोठ्याने म्हणाल्या, "अवं वकील, ही तुमचीच पोर ना? मंग तुमच्याशीच कशाला भांडते?"

मी भाऊंकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तो चेहरा मी पाहिला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पाठ ताठ झाली. "हरकत योग्य आहे," ते म्हणाले. "मी प्रश्न बदलतो. हिराबाई, खाडीवरून बाजारात तुम्ही कशा येता, ते तुमच्या शब्दांत सांगा."

आणि मग विश्राम नाखवा वकील परत आले. मी हिराबाईंच्या उलटतपासणीत बाजाराकडे यायला दुसरा गाडीरस्ताही आहे हे वदवून घेतलं. भाऊंनी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं, "त्या गाडीरस्त्यावर भरतीच्या वेळी तुम्ही कधी उभे राहिला आहात का?" मी हरकत घेतली, ते भांडले, मी भांडले. शेवटी त्यांनी स्थळपाहणीचा अर्ज दिला. मी त्याला कडाडून विरोध केला आणि हरले. भाऊंनी अर्जात वेळ मागितली होती ती अर्थातच भरतीची. न्यायाधीश, कारकून, सेक्रेटरी आणि मी असे सगळे त्या गाडीरस्त्यावर गेलो, तर रस्ता पाण्याखाली. कारकुनाने पँट वर खोचली, माझी एक चप्पल चिखलात राहिली. भाऊ कोरड्या पायवाटेवर, भिंतीपलीकडे उभे होते आणि एक शब्द न बोलता खाडीकडे बघत होते.

निकाल त्यांच्या बाजूने लागला. भिंतीला दार पडलं, ते आजही आहे, आणि तो हुकूम वरच्या कोर्टातही टिकला. निकालानंतर त्यांनी माझं सांत्वन केलं नाही. जिन्यावर गाठून माझ्या चुका सांगितल्या. मीही त्यांना त्यांच्या सांगितल्या. जिन्यावरचे लोक बाजूला होऊन पाहत होते. भाऊ मला काय देणं लागतात आणि मी त्यांना काय, हे त्या जिन्यावर मला कळलं. ते शब्दांत मांडायला मला अजून जमलेलं नाही.

पण एक कोर्ट सोडलं तर त्यांचा एकटेपणा होता तसाच राहिला. आजही आहे. विठ्ठलवाडीच्या घरात संध्याकाळी ते एकटे असतात. सणावाराला लोक येतात, पाया पडतात, पेढे ठेवतात आणि उभ्याउभ्याच जातात. ते पेढे भाऊंना चालत नाहीत, साखरेचा त्रास आहे. ते शेजारी वाटून टाकतात. इतक्या माणसांचं भलं केलेल्या माणसाच्या घरी संध्याकाळी चहाचा एकच कप विसळला जातो, हे मला सहन होत नाही. दामलेकाका, हे मी तुमच्यासाठीही लिहिते आहे. शाल तुम्ही द्याच. पण त्यांना "ए नाखवा" म्हणणारे तुम्ही एकटेच उरला आहात, आणि ते तुम्ही दहाबारा वर्षांत म्हटलेलं नाही.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा टेबलावर उरलेल्या प्रकरणांच्या फायली बांधून ठेवल्या होत्या. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. "समारंभ झाला की सनद ठेवून देतो," ते म्हणाले. "पुरे झालं. तुम्ही सगळे माझ्याबद्दल चांगलं लिहिताय म्हणे. ते वाचत बसेन." ते हसले, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "तू गेलीस की या घरात मी काही म्हटलं तरी त्याला नाही म्हणणारं कुणी नसतं. त्याचीच सवय करायची आता."

मला भीती वाटली, हे खरं. हा माणूस कोर्टात यायचा थांबला तर त्याच्याशी सरळ बोलणारी जगातली शेवटची जागा बंद होईल. फायलींच्या गठ्ठ्यात वरची फाइल आंबिवलीच्या एका म्हाताऱ्या शिंप्याची होती. त्याला दुकानाच्या गाळ्यातून काढायला निघालेल्या मालकाची वकील मी आहे.

मी ती फाइल उचलून पाहिली आणि परत ठेवली. "सोडताय तर बरंच आहे," मी म्हणाले. "हे प्रकरण मग मी सहज जिंकेन."

"सहज?" भाऊ म्हणाले.

"सहज. तुमच्याकडे भाडं भरल्याचा पुरावा नाही, साक्षीदार वारलाय, आणि शिंप्याला नीट ऐकू येत नाही. आहे काय त्यात?"

भाऊंनी हात पुढे केला. मी फाइल दिली. त्यांनी दोरी सोडली, चष्मा लावला, काही पानं उलटली. एका पानावर थांबले. तिथे बोट ठेवून बराच वेळ वाचत राहिले. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले.

"काय सापडलं?" मी विचारलं.

भाऊंनी फाइल मिटून छातीशी धरली. "तुला कशाला सांगू? ते तुला कोर्टात कळेल."

विश्रामभाऊंना उदंड आयुष्य मिळो, त्यांचे गुडघे त्यांना साथ देवोत, नजर आहे तशीच तीक्ष्ण राहो. त्यांना ओवाळणारे, हार घालणारे पुष्कळ आहेत आणि ते असावेतच. पुढच्या महिन्यात तारीख आहे. भाऊ येणार आहेत. त्यांना त्या पानावर काय सापडलं हे मला अजून कळलेलं नाही. मी रोज बसून त्या प्रकरणाची माझ्याकडची फाइल वाचते आहे.